मोडेमचं बारसं

"एक मुलगा, दोन दीर आणि एक नवरा वाढवलाय मी. कुत्र्याचं पिल्लू म्हणजे काय, सांडगे वाळत घालण्याएवढं काम!" असं द्वारकाबाईंनी भर हॉलमध्ये छाती ठोकून सांगितलं, तेव्हा त्या वाढवलेल्यांपैकी नवरा शेजारीच बसून पेपर वाचत होता. बाबुरावांनी पेपर खाली न करता विचारलं, "सांडगे शू करतात का?"

हे असं बोलणं म्हणजे अपशकुनच. पण द्वारकाबाई त्या दिवशी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांचा अनिरुद्ध सून आणि नात घेऊन बंगलोरहून गाडीनं आला होता आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेला निघाला होता. ते दिवसच तसे होते. कोथरूडात प्रत्येक जिन्याला एकतरी पोरगं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेच्या वाटेला लागलेलं असायचं, आणि मागं राहिलेल्या घरांत रविवारी सकाळी फोनच्या आसपास कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नसे. न जाणो, नेमकी तेव्हाच रिंग वाजायची!

अनिरुद्धनं येताना एक टोपली आणली होती. टोपलीत शाल, शालीत पिल्लू. पांढरं, एका डोळ्याभोवती काळा डाग, कान पार गळ्यापर्यंत. रडायला लागलं की आधी टूंऽ, मग किर्रऽ, मग खर्रऽ असा आवाज करायचं. अगदी इंटरनेट लावल्यासारखा! म्हणून नातीनं त्याचं नाव मोडेम ठेवलं होतं.

शालीत गुंडाळून आणायला कारण होतं. सौजन्य सोसायटीच्या फाटकावर एक पाटी होती: 'सोसायटीत कुत्री पाळण्यास सक्त मनाई आहे. कारण विचारू नये.' पाटी रंगवली होती सेक्रेटरी उत्तरेश्वररावांनी स्वतः. अक्षर मोत्यासारखं, मजकूर चाबकासारखा.

नात निकिता आठ वर्षांची. निघताना तिनं मोडेमला असं काही कवटाळलं, की टॅक्सीवाल्यानंसुद्धा तोंड फिरवलं. ती म्हणाली, "आजी, मी नाताळच्या सुट्टीत येणार. तोपर्यंत हा असाच पाहिजे."

"असाच?" द्वारकाबाई म्हणाल्या. "याच्यापेक्षा चांगला करून देईन!"

टॅक्सी कोपऱ्यावरून वळली. द्वारकाबाई वर आल्या, तर हॉलच्या मधोमध पाण्याचं एक छोटं तळं होतं आणि तळ्याच्या काठावर मोडेम बसला होता. तोही दाराकडेच बघत होता.

पहिले काही दिवस द्वारकाबाईंनी फार मनाला लावून घेतलं नाही. पोरीच्या आठवणीनं रडतोय बिचारा, असं त्या म्हणायच्या. बाबुराव म्हणायचे, "रडू दे की. पण योग्य बाजूनं रडायला सांग." सोफ्यावर रडून झालं, गादीवर रडून झालं, बाबुरावांच्या चपलेत रडून झालं. झोपल्या जागी रडायचा, चालता चालता रडायचा. पुढं पुढं तर घरातलं फडकं वाळेना. द्वारकाबाईंचं खरं मानायचं तर खडकवासला धरणाला जेवढे दरवाजे नाहीत तेवढे या एवढ्याशा जिवाला होते.

मग त्यांनी डोकं लढवलं. आत गेलंच नाही तर बाहेर कुठून येणार? त्यांनी मोडेमचं पाण्याचं भांडं उचलून फडताळात ठेवलं. मोडेमनं बाबुरावांचा तांब्या रिकामा केला. तांब्या वर ठेवला, तर न्हाणीघरातली बादली अर्धी केली. न्हाणीघराला कडी घातली, तर कुंडीतल्या तुळशीच्या मुळाशी तोंड घालून बसला. आणि एक दिवस तो काहीच करेना. भात पुढं केला तर मान फिरवली. डोळे मिटून कोपऱ्यात पडून राहिला.

द्वारकाबाई घाबरल्या. त्यांनी त्याला भाजीच्या पिशवीत घातलं, वरून मेथीची जुडी पसरली, आणि दोघं नवरा-बायको कर्वे पुतळ्यापाशी डॉक्टरांकडे निघाले. फाटकात उत्तरेश्वरराव उभे होते. त्यांनी पिशवीकडं बघून एवढंच म्हटलं, की मेथी जरा शिळी दिसतेय. मेथीनं आतून एक उसासा टाकला. बाबुरावांना ताबडतोब खोकला आला.

गुराढोरांचा डॉक्टर म्हणजे कुणी मिशीवाला बाप्या असेल अशी द्वारकाबाईंची कल्पना. पण डॉक्टर उल्का म्हणजे निकिताच्या आईपेक्षाही लहान दिसणारी, केसांचा बॉयकट केलेली पोरगी. तिनं मोडेमला उचललं, हिरड्या बघितल्या, पाठीची कातडी चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, "याचं पाणी कुणी बंद केलं?"

द्वारकाबाईंनी बाबुरावांकडे बघितलं. बाबुरावांनी छताकडे बघितलं.

रक्त घेतलं, रिपोर्ट आला. डॉक्टर उल्कानं सगळं सोपं करून सांगितलं. मोडेमच्या दोन्ही किडन्या जन्मापासूनच नीट वाढलेल्या नाहीत. वय पिल्लाचं, किडन्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या. त्यांना अंगातलं पाणी राखता येत नाही, म्हणून तो सारखा पितो आणि सारखं गळतं. मुद्दाम करत नाही. बरेचदा त्याला कळतसुद्धा नाही. पाणी तोडलं तर मात्र तो मरेल. ह्याला बरं करणारं औषध नाही. सांभाळायचं, एवढंच.

"किती दिवस?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तसं सांगता येत नाही, आजी. नीट सांभाळलं तर बरेच दिवस."

"नाताळपर्यंत?"

डॉक्टर उल्कानं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "पाण्याचं भांडं कधी रिकामं ठेवू नका."

त्या दिवसापासून घरात पाण्याची सदावर्तंच उघडली. हॉलमध्ये भांडं, स्वयंपाकघरात भांडं, गॅलरीत भांडं, देवासमोरच्या तांब्यातलं प्यायलासुद्धा त्याला मुभा. जेवायला मऊ भात, उकडलेला दुधी, थोडा अंड्याचा पांढरा बलक, वर तुपाची धार. मीठ बंद. दोन वेगळे स्वयंपाक करायचा द्वारकाबाईंना कंटाळा, त्यामुळं बाबुरावांनाही तेच. बाबुराव म्हणाले, "माझ्या किडन्या चांगल्या आहेत." द्वारकाबाई म्हणाल्या, "राहतील."

आणि रविवारी सकाळी फोन. निकिताचा. आधी आजीशी, मग मोडेमशी. बाबुराव रिसीव्हर मोडेमच्या कानाला लावून धरायचे आणि मोडेम सगळ्या अंगानं शेपूट हलवायचा. किडनीचं अक्षर द्वारकाबाईंनी पोरीला सांगितलं नव्हतं. तिथं परक्या मुलखात एकटी पोर, नवी शाळा, नवी भाषा. तिला सांगून काय करायचं? त्याऐवजी त्या दुसरंच सांगायच्या. मोडेमनं वेताळ टेकडीवर बिबट्याला पळवून लावलं. मोडेम पीएमटीत बसून लकडी पुलापर्यंत एकटा जाऊन आला आणि कंडक्टरनं त्याला उतरताना नमस्कार केला. मोडेम काकड आरतीला सूर धरतो आणि तो सूर ऐकून वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी पेटी विकून टाकली.

"आजी, फेकू नकोस," निकिता हसत म्हणायची. ते हसणं म्हणजे द्वारकाबाईंचं आठवड्याचं रेशन. सोमवारपासून पुरवून पुरवून वापरायचं, शनिवारी डबा खडखडाट.

राहता राहिला गळण्याचा प्रश्न. तिथं मात्र द्वारकाबाईंची सगळी हुशारी कामाला आली. त्यांचं निम्मं आयुष्य खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये गेलेलं. तिथल्या अख्ख्या चाळीचे लंगोट त्या शिवत. खडकीत निम्मी फॅक्टरी माझ्या लंगोटात वाढली, असं त्या सांगत; त्यातलं निम्मं खरं होतं. त्यांनी बाबुरावांची जुनी धोतरं काढली, आपली मऊ झालेली सुती पातळं काढली आणि मोडेमसाठी तिकोनी लंगोट बेतले. मागं शेपटीला एक भोक, कडेनं दुहेरी शिवण. दर थोड्या वेळानं बदलायचा, कोमट पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं, नवा बांधायचा. मोडेमलाही ते आवडलं. लंगोट बांधला की पैलवानासारखा छाती काढून चालायचा.

लंगोट धुतले. गॅलरीतल्या दोरीवर ओळीनं वाळत घातले. आणि इथंच घात झाला.

खडकीत दोरीवर काय वाळतंय ते कुणी बघत नसे, कारण सगळे दार उघडं टाकून समोरच बसलेले असायचे. सौजन्य सोसायटीचं तसं नव्हतं. तिथं दाराला दोन कड्या, एक भिंगाचं भोक आणि 'बेल एकदाच वाजवावी' अशी पाटी. द्वारकाबाई राहायला आल्यापासून कुणी उंबरा ओलांडून आत आलं नव्हतं. आलंच तर उद्या पाणी नाही एवढं सांगायला. त्यामुळं कुणाच्या घरी काय चाललंय हे कळायला एकच वर्तमानपत्र होतं: गॅलरीतली दोरी. ते मात्र सगळे अथपासून इतीपर्यंत वाचत.

समोरच्या बिल्डिंगमधल्या प्रेमलाताईंनी वाचलं. प्रेमलाताई म्हणजे सेक्रेटरी उत्तरेश्वररावांच्या पत्नी. जिन्यात त्यांनी द्वारकाबाईंना गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला सगळं कळलंय. दोरीवर बघितलं मी."

द्वारकाबाईंच्या हातातली दुधाची पिशवी सुटली. संपलं! पाटी, मीटिंग, ठराव, मोडेम रस्त्यावर. त्यांच्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर पडलं. मुलगा-सून अमेरिकेला गेले, तिथं न्यायला जमेना, म्हणून इथं ठेवून गेले. शालीत लपवून आणला. किडन्या जन्मापासून आजारी आहेत. सारखं गळतं. डॉक्टर किती दिवस ते सांगत नाहीत. "आता तुम्हीच सांगा, असल्या जिवाला मी बाहेर टाकू का?"

प्रेमलाताईंचे डोळे भरून आले. "केवढा झाला?" त्यांनी विचारलं.

"आठ महिन्यांचा."

प्रेमलाताई पदरानं डोळे टिपत गेल्या. द्वारकाबाई तरंगत वर आल्या आणि बाबुरावांना म्हणाल्या, की पाटीवर जाऊ नका, बाई आतून लोणी आहे लोणी!

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. एकदाच. दारात प्रेमलाताई, हातात कागदात गुंडाळलेलं अंगडं-टोपडं. फिक्या पिवळ्या लोकरीचं, टोपड्याला गोंडा. कुत्र्याला टोपडं? द्वारकाबाईंना वाटलं, बाई जरा जास्तच प्रेमळ दिसतेय. तेवढ्यात प्रेमलाताईंनी विचारलं, "तुमच्या सुनेनं दूध तरी पाजलं का हो त्याला?"

तेव्हा कुठं द्वारकाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. इतका पडला, की त्यांना क्षणभर समोरचं काही दिसेना.

तिथल्या तिथं खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे पाटी लागू होणार. आणि दुसरंही एक होतं. प्रेमलाताई उंबरा ओलांडून आत आल्या होत्या. बसल्या होत्या. पाणी घेतलं होतं. टोपड्याचा गोंडा कुरवाळत सांगत होत्या, की हे त्यांनी टेक्सासच्या नातवासाठी विणलं होतं. तो पहिल्या दिवाळीला येणार होता. मग दुसऱ्या. आता त्याच्या मुठीलासुद्धा हे टोपडं बसणार नाही. आतल्या खोलीतून मोडेम टूंऽ किर्रऽ करून रडला. प्रेमलाताईंचा चेहरा असा काही झाला, की द्वारकाबाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "झोपेतनं उठलंय वाटतं बाळ. डॉक्टरांनी कुणाला जवळ जायला मनाई केलीय हो. जंतूंचं असतं ना."

बाबुरावांनी पेपर आणखी वर धरला. हसताना दिसू नये म्हणून.

त्यानंतर सोसायटीत जे झालं ते झालं. दारं उघडली! कुणी गुटी आणली, कुणी वेखंड, कुणी आपल्या नातवंडांसाठी घेऊन ठेवलेली दुपटी. प्रत्येकीच्या कपाटात असं काहीतरी घडी घालून ठेवलेलं होतंच, आणि प्रत्येकीचं मूल कुठल्या ना कुठल्या लांबच्या गावी होतं. बायका येत, दारापासूनच आतल्या खोलीकडे मान लांब करत, एक कुईं ऐकू आली की तृप्त होऊन हॉलमध्ये बसत आणि आपापल्या नातवंडांचं बोलत. द्वारकाबाई चहा टाकून टाकून दमल्या. पण खडकी सुटल्यापासून एवढं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

एकच वाईट होतं. अनिरुद्ध फुकटचा शिव्या खाऊ लागला. डॉलरच्या मागं लागून आजारी लेकरू टाकून गेला, असं जो तो म्हणायला लागला. मुलाची बाजू सावरायला द्वारकाबाईंनी आणखी थापा मारल्या. अमेरिकेच्या विमानात लंगोट चालत नाही. तिथं किडनीला थंडी बाधते. कंपनीनं लिहून घेतलंय, एका माणसाला एकच मूल. त्या थापा ऐकून बायका अनिरुद्धला आणखी नावं ठेवू लागल्या.

संध्याकाळी द्वारकाबाई कुरकुरल्या, की उगाच माझ्या पोराला बोलतात, त्यानं काय टाकलं, एक कुत्रं तर टाकलं.

बाबुराव म्हणाले, "दोन म्हातारी राहिली मोजायची."

द्वारकाबाई उठल्या. मोडेमचा लंगोट बदलायला झाला होता. तो बदलला.

पुढच्या रविवारी अनिरुद्धनंच फोन केला. प्रोजेक्ट वाढलं. नाताळात जमणार नाही. बघू, मे महिन्यात. निकिता फोनवर आली, पण नुसती श्वास घेत राहिली. मोडेमच्या कानाला रिसीव्हर लावला, तर पलीकडून काही येईना. मोडेमनं रिसीव्हर एकदा हुंगला आणि कोपऱ्यात जाऊन पडला. त्या दिवशी त्यानं भात सोडला. डॉक्टर उल्कानं सलाइन दिलं, गोळ्या बदलल्या. द्वारकाबाईंनी या वेळी काही विचारलं नाही. नाताळचं विचारलं होतं तेव्हा तिनं कसं बघितलं होतं ते त्यांना आठवत होतं. मेचं विचारायची त्यांची छाती नव्हती.

आता हे सोंग पुरे, खरं सांगून मोकळं व्हावं, असं ठरवून त्या प्रेमलाताईंकडे निघणार, तोच प्रेमलाताई स्वतः दारात. मागं उत्तरेश्वरराव, आणि उत्तरेश्वररावांच्या डोक्यावर पाळणा! शिसवी, रंगीत लाकडी पोपट टांगलेला. त्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं.

महिला मंडळानं ठरवलं होतं, की बाळाला मोडेम मोडेम म्हणतात हे काही बरं नाही. आयटीवाल्यांचं डोकंच फिरलंय, पण आपलं तर जाग्यावर आहे ना? तर येत्या रविवारी रीतसर बारसं. जंतू नकोत म्हणून सगळ्या हातपाय धुऊन येतील, लांब उभ्या राहतील. घुगऱ्या सोसायटीकडून. आत्या नाही म्हणताय, तर आत्या प्रेमलाताई.

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. मग त्यांनी प्रेमलाताईंना त्या पाळण्यावरचं प्लॅस्टिक काढताना बघितलं. टोकापासून सावकाश, कुठं फाटू नये असं काढत होत्या. ते काढून त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवलं. द्वारकाबाईंनी तोंड मिटलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"कुत्र्याचं बारसं," दार लागल्यावर बाबुराव म्हणाले. "पुढं मुंजही करू. सोडमुंजीला मी येतो."

रविवार उजाडला. द्वारकाबाईंनी खोलीचे पडदे ओढले. मोडेमला आंघोळ घातली, नवा लंगोट बांधला, वर पिवळं अंगडं, डोक्याला टोपडं, कान आत कोंबले, बंद गळ्याशी घट्ट. दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला तेव्हा त्यानं प्रतिकारसुद्धा केला नाही. नाक तेवढं बाहेर होतं. ते त्यांनी काजळाची तीट म्हणून खपवायचं ठरवलं.

बायका जमल्या. अंधारात पाळण्याचे पोपट डुलत होते. कुणी ओल्या डोळ्यांनी, कुणी नुसतीच हात जोडून. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. नाव ठरलं होतं आयुष. प्रेमलाताईंनी सुचवलं होतं आणि का ते कुणी विचारलं नव्हतं. आत्या पुढं झाल्या. कानात कुर्रर्र करायला पाळण्यात वाकल्या, टोपड्याची कड बोटानं हळूच बाजूला केली आणि कान शोधू लागल्या.

कान सापडला. सापडतच राहिला. संपेचना!

मोडेमनं डोळे उघडले आणि प्रेमलाताईंच्या गालावरून अलगद एकदा जीभ फिरवली.

प्रेमलाताई वाकलेल्याच राहिल्या. त्यांनी मान तेवढी वळवून द्वारकाबाईंकडे बघितलं. द्वारकाबाईंनी हात जोडले नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. खोलीत पोपटांची करकर तेवढी ऐकू येत होती. मग प्रेमलाताई परत खाली वाकल्या, त्या लांब कानात पुरतं कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि सरळ उभ्या राहत म्हणाल्या, "ठेवलं नाव. घुगऱ्या वाटा."

आणि त्याच क्षणी हॉलमध्ये फोन वाजला.

रविवारची रिंग! कोपऱ्यात मरगळून पडणारा तो जीव पाळण्यातून असा उडाला, की एक पोपट तुटून मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या अंबाड्यात जाऊन बसला. दुपटं इकडं, लंगोट तिकडं, आणि पिवळं अंगडं-टोपडं घातलेला, चार पायांचा आयुष ओळीनं बायकांच्या पायांतून हॉलकडे सुसाट. एकच कालवा झाला. दारात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभे असलेले उत्तरेश्वरराव पातेल्यासकट भिंतीला चिकटले.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"बाळ," प्रेमलाताई म्हणाल्या.

"अगं, कुत्रा आहे तो!"

"आत्या मी आहे त्याची. बारसं झालंय, अख्खी सोसायटी साक्षीला आहे. काढा बघू आता बाहेर."

उत्तरेश्वररावांनी पाटी लिहिताना बारसं झालेल्या कुत्र्यांचा विचार केलेला नव्हता. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

इकडं द्वारकाबाईंनी धावत जाऊन रिसीव्हर उचलला होता. पलीकडून निकितानं विचारलं, की आजी, एवढा आरडाओरडा कसला. द्वारकाबाईंनी मागं वळून बघितलं. सगळ्या बायका हॉलच्या दारात येऊन गप्प उभ्या होत्या. त्यांना थाप सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच सुचेना. म्हणून त्यांनी खरं ते सांगून टाकलं. मोडेमच्या किडन्या आजारी आहेत, तो लंगोटात असतो, सोसायटीला वाटलं घरात बाळ आहे, आत्ता त्याचं पाळण्यात घालून बारसं केलं, डोक्यात टोपडं आहे, तो पाळण्यातनं उडी मारून फोनपाशी आलाय.

पलीकडं निकिता खदखदून हसत सुटली. कितीतरी दिवसांनी हसली.

"आजी, आज तू फारच फेकतेयस."

"शप्पथ खरं."

"चल. किडनी काय, टोपडं काय!"

"खोटं वाटतंय ना?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मग ये आणि बघ."

हसू थांबलं. मग पोरीचा आवाज अगदी बारीक झाला. "मोडेमला फोन दे."

बाबुरावांनी टोपड्याची कड वर करून रिसीव्हर कानाला लावला. काय बोलत होती ते कुणाला कळलं नाही, पण बारीक आवाज खोलीभर येत होता आणि मोडेम मान तिरकी करून ऐकत होता, रिसीव्हर चाटत होता. एकही बाई जागची हलली नाही. पातळावर हळदी-कुंकू सांडलेल्या, अंबाड्यात पोपट अडकलेल्या, सगळ्या त्या काळ्या फोनकडे बघत होत्या. मोडेमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आणि लंगोट मघाशीच सुटलेला होता. धार गेली ती नेमकी भिंतीच्या कडेला असलेल्या फोनच्या डबीत. आधी टूंऽ झालं, मग किर्रऽ, मग खर्रऽ. मग काहीच नाही.

फोन मेला. पोरीचं वाक्य अर्धंच राहिलं. "बाबांना सांगून मी स्वतःच..." एवढंच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेलिफोन खात्याचा लाइनमन आला. डबी उघडून त्यानं वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, की साहेब, पाऊस तर जाऊन महिना झाला, इथं एवढं पाणी आलं कुठनं.

"अमेरिकेहून फोन आला होता," बाबुराव म्हणाले.

लाइनमननं पुढं काही विचारलं नाही. कोथरूडातल्या लाइनी त्याच्याकडेच होत्या. डबी बदलली, जरा उंचावर ठोकली आणि गेला.

द्वारकाबाई फोनशेजारी स्टूल ओढून बसल्या. मांडीवर मोडेम. सकाळी त्यानं थोडा भात खाल्ला होता, दुधीही. लंगोट कोरडा होता आणि धोतराचा नव्हता. टेक्साससाठी घडी घालून ठेवलेल्या दुपट्याचा होता, शिवण प्रेमलाताईंची. जरा वाकडी होती, पण द्वारकाबाईंनी नाव ठेवलं नव्हतं. स्वतःच काय? स्वतःच येऊन बघणार? त्या विचार करत बसल्या. ऊन सरकत सरकत पाण्याच्या भांड्यापर्यंत आलं.

रिंग वाजली!

मोडेम ताडकन उभा राहिला. जिन्यात धाडधाड दारं उघडली, वरची, खालची, समोरची. कुणी बेलबिल वाजवली नाही. प्रेमलाताई तर चुलीवरचं टाकून धावत आल्या आणि दारातूनच हातानं विचारू लागल्या, आला का, आला का? द्वारकाबाईंनी रिसीव्हर उचलला. मोडेमचा कान शेजारी लागलाच होता.

"एक्स्चेंजमधून बोलतोय," पलीकडून एक बाप्या म्हणाला. "लाइन चेक करत होतो. रिंग वाजली ना?"

"वाजली हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता ठेवा लवकर. आमच्या पोरीचा यायचाय."

रिसीव्हर ठेवता ठेवता मांडी कोमट झाली. त्यांनी मान वर केली, तर प्रेमलाताई दुसरा लंगोट घेऊन उभ्याच होत्या.